वृद्धनिवास प्रशासकाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम: जरूर करा, पण आधी चौकशी करा

वृद्धनिवास चालवणाऱ्यांसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. संस्थेचं नाव देत नाही. मला जे सांगायचंय ते अशा कुठल्याही अभ्यासक्रमाला नाव घालण्याआधी उपयोगी पडेल. मी मूळची परिचारिका. मजल्याची इन्चार्ज म्हणून बरीच वर्षं काम केल्यावर प्रशासकाची जबाबदारी आली, आणि ती प्रमाणपत्राशिवाय घेता येत नव्हती. ही अट मला मनापासून पटते. रात्री किती माणसं ठेवायची, औषधं कोणाच्या हातात द्यायची, तब्येत बिघडल्यावर कोणाला आणि केव्हा कळवायचं, हे ज्याच्या सहीने ठरतं त्याला यातलं शिकवलेलं असायलाच हवं.

सगळ्यात उत्तम शिकवला तो नोंदी तपासण्याचा भाग. शिकवणाऱ्या बाईंनी, एकाच कुशीवर पडून होणाऱ्या जखमा (बेडसोर) टाळण्यासाठी एका आजींची कूस बदलल्याचा एक तक्ता हातात दिला आणि विचारलं, "यावर सही कराल का?" तक्ता अगदी नीटनेटका. दर दोन तासांनी डावी कूस, उताणं, उजवी कूस. एकही रकाना रिकामा नाही. मग त्यांनी त्याच दिवसाचं ये-जा रजिस्टर पुढे सरकवलं. त्या आजी अकरा ते एक डोळे तपासायला बाहेर गेल्या होत्या, आणि तक्त्यात बारा वाजता 'डावी कूस' लिहिलेलं! मग बाकीचंही दिसायला लागलं. सगळ्या नोंदी एकाच पेनाच्या, अक्षराचा कल सारखा, वेळा बरोबर १०, १२, २, ४. खऱ्या ड्यूटीत कधी १२:२० होतात, कधी १:५०.

मला आवडलं ते पुढचं. काळजीवाहकाला बोलवून झापायचं, असं उत्तर वर्गातून आल्यावर बाईंनी ड्यूटीचा तक्ता काढायला लावला. त्या मजल्यावर दुपारी एकच जण होती, आणि ज्यांना वळवायला दोघं लागतात असे चार जण. म्हणजे खोटी नोंद तिने केली, पण तशी वेळ ड्यूटी लावणाऱ्याने आणली. शिवाय सगळ्यांना सरसकट दोन तासांचा नियम लावायचा नसतो, हेही समजावलं. बेडसोरचा धोका मोजणारं, १९८७ साली प्रसिद्ध झालेलं ब्रेडन मापन आम्ही प्रत्यक्ष भरून पाहिलं: संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, स्वतःहून हालचाल, आहार, घर्षण असे सहा भाग, गुण ६ ते २३, आणि गुण जितके कमी तितका बेडसोरचा धोका जास्त. गुण काढले की कुठल्या खाटेपाशी जास्त हात लागणार ते कळतं, आणि माणसं त्या हिशोबाने लावता येतात. प्रशासकाचं काम इथे सुरू होतं.

डेलिरियमचा, म्हणजे अचानक येणाऱ्या मानसिक गोंधळाचा, भागही ताकदीचा होता. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) महिन्या-वर्षांत वाढतो, डेलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो. मागे लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन औषध, तुंबलेलं पोट, असं काहीही असू शकतं. आरडाओरडा करणाऱ्या आजोबांकडे सगळे धावतात. पण डेलिरियमचा एक प्रकार गप्प पडून राहण्याचा असतो, आणि त्या माणसाच्या नावापुढे 'शांत झोपले' लिहून शिफ्ट संपते. म्हणून हॅंडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना पुढच्याला द्यायच्या, कागदावर 'कालपेक्षा काय वेगळं?' असा रकाना ठेवायला शिकवलं. आमच्याकडे तो मी लगेच सुरू केला. हा एक रकाना पूर्ण फी वसूल करतो, असं मी म्हणेन.

आगीचा सराव ठीक. सगळ्यांना जिन्याने खाली नेण्याच्या मागे न लागता आधी त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडच्या भागात हलवायचं, हे नीट करून घेतलं. फक्त सराव भर दिवसा, सगळे हजर असताना झाला. रात्रीच्या माणसांत तो करून बघायला हवा होता.

इथेच माझी मोठी तक्रार. प्रत्यक्ष कामाचे तास सगळे दिवसाचे होते. ज्या व्यवस्थापकाने पहाटे तीनला मजल्यावर उभं राहून घंटा वाजल्यापासून माणूस पोचेपर्यंत किती वेळ जातो ते पाहिलेलं नाही, त्याला रात्रीची ड्यूटी लावता येईल असं मला वाटत नाही. परीक्षाही निव्वळ बहुपर्यायी प्रश्नांची. पाठांतर चांगलं असेल तर मजल्यावर पाय न ठेवता उत्तीर्ण होता येतं. नातेवाइकांशी बोलणं आणि निवासातला मृत्यू हे दोन विषय एका दुपारी गुंडाळले. आई पडली हे मुलाला फोनवर कसं सांगायचं, काय लपवायचं नाही, शेजारच्या खाटेवरच्या आजींना कोण धीर देणार, याचा सराव शून्य. हिशोब आणि कायद्याच्या स्लाइड्स मात्र भरपूर. त्या घरी वाचल्या तरी चालतात.

प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाबद्दलही नाराजी आहे. कॅलिफोर्नियात अशा निवासांच्या प्रशासकाला सुरुवातीला ८० तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि पुढे दर दोन वर्षांनी ४० तास असा नियम आहे. इथे नूतनीकरण म्हणजे व्हिडिओ पाहायचा आणि खूण करायची.

नर्सिंगमधून येणाऱ्यांना हिशोबाचा भाग जड जाईल, हॉटेल किंवा ऑफिसमधून येणाऱ्यांना बेडसोर आणि औषधांचा. दोघांनीही करावा. पाचपैकी साडेतीन देते, त्यातले तीन बाईंचे. नाव घालण्याआधी तीन गोष्टी विचारा: शिकवणाऱ्यांनी स्वतः निवास चालवलाय का, प्रत्यक्ष कामात रात्रपाळी आहे का, आणि खरे भरलेले तक्ते नाव झाकून वर्गात तपासायला देतात का. रात्रपाळी नाही म्हणाले, तर ओळखीच्या निवासात परवानगी घेऊन ती स्वतः करा.