फुले समाधान गव्हाची निळ्या टॅगची पिशवी: दोन हंगाम वापरून मग लिहितोय

आधीच सांगतो, पिशवी चांगली आहे, बिनधास्त घ्या. पण का चांगली ते कळायला मला एक हंगाम घालवावा लागला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची शेती दिंडोरी तालुक्यात. द्राक्ष मेन, आणि सोयाबीन निघाली की एक एकर गहू, घरी खायला आणि उरला तर विकायला. तीन वर्षांपूर्वी घाईघाईत एका दुकानातून बियाणं आणलं, पांढरी गोणी, टॅग नाही काही नाही, दुकानदार म्हणाला भाऊ लोकवनच आहे, डोळे झाकून पेरा. पेरलं. उगवलं पण बरं. पण जानेवारीत ओंब्या बाहेर पडल्या आणि बांधावर उभं राहून बघतो तर काही झाडं कमरेला, काही छातीला, कुठं कुसळ पांढरं, कुठं तांबूस, मधेच एखादी ओंबी बिनकुसळाची. छातीला लागणारी सगळी वाऱ्यात लोळली. मार्चमध्ये निम्मं वाळलेलं आणि निम्मं हिरवट, हार्वेस्टरवाला येऊन बघून दोनदा परत गेला. एकरी अकरा क्विंटल आणि त्यात पण ओले दाणे. फार जीवाला लागलं, कारण खत पाणी मी काहीच कमी केलं नव्हतं.

त्याच जानेवारीत चार वेगवेगळ्या ओंब्या पेपरात गुंडाळून निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर गेलो. बातम्यांत थंडीत निफाडचा पारा म्हणून आकडा येतो ना, तो तिथलाच, सकाळी हात चालत नव्हते. तिथल्या साहेबांनी ओंब्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि म्हणाले ही एक जात नाहीच. मग एकेक दाखवलं. एकीच्या देठावर मेणासारखी पांढरट भुकटी, बोटानं पुसली की निघते, दुसरीवर नाहीच. कुसळाचा रंग, ओंबीचा आकार, वरचं शेवटचं पान उभं राहतं की वाकतं, दाण्याचा रंग, कोंबाच्या टोकावर जांभळट झाक आहे का, असं सगळं बघतात. दाणे सारखे दिसत असले तरी फेनॉलच्या पातळ द्रावणात ठेवतात, काही तासांत काही जातींचे दाणे फिकेच राहतात, काहींचे तपकिरी, काहींचे पार काळपट होतात. मी आयुष्यभर गहू बघतोय पण गव्हाला एवढी ओळख असते हे मला माहीतच नव्हतं.

एवढं का बघतात, तर नवीन जात म्हणून नोंद करायची तर तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आधीच्या सगळ्या जातींपेक्षा ती कशात तरी स्पष्ट वेगळी पाहिजे, शेतात एकसारखी पाहिजे, आणि पुढच्या पिढ्यांत पण तशीच राहिली पाहिजे. २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे, त्याखाली हे चालतं, दिल्लीला त्याचं प्राधिकरण आहे. गव्हासारख्या पिकाला १५ वर्षं संरक्षण मिळतं, पण शेतकऱ्याला स्वतःचं बी ठेवायचा, पेरायचा, शेजाऱ्याला द्यायचा, विकायचा हक्क त्यातच लिहिलेला आहे, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकता येत नाही. हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही.

बाहेर प्लॉटमध्ये एक ताई छोट्या स्टुलावर बसून संकराचं काम करत होत्या, ते मी अर्धा तास बघत राहिलो. ओंबीतल्या एकेका फुलाचं टोक कात्रीनं कापायचं आणि बारीक चिमट्यानं आतले तीन परागकोष काढायचे, प्रत्येक फुलात तीनच. ताई म्हणाल्या, "दादा, हिरवे असतानाच काढावे लागतात, पिवळे झाले की उशीर झाला." मग ओंबीवर बटर पेपरची पिशवी, टॅगवर तारीख, आणि दोन तीन दिवसांनी दुसऱ्या जातीचे पराग. त्यातून मूठभर दाणे मिळतात. पहिली पिढी सगळी सारखी, दुसऱ्या पिढीत भावंडांसारखी प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी, मग त्यातली चांगली निवडायची, एका ओंबीची एक ओळ पेरायची, परत निवडायची, असं सहा सात पिढ्या. मग तांबेऱ्याची, म्हणजे पानावर येणाऱ्या बुरशीच्या रोगाची परीक्षा, त्यासाठी महाबळेश्वरला वेगळं केंद्र आहे, मग देशभरच्या चाचण्या, त्या कर्नालहून चालतात. दहा बारा वर्षं सहज जातात म्हणाले. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती, म्हणजे ती तीन चार वर्षांची असताना धरलेला संकर तेव्हा कुठं पिशवीत आला असता.

फुले समाधान तिथलीच, राहुरी विद्यापीठाची. नंबर एनआयएडब्ल्यू १९९४, पण ते साल नाही, वाणाचा क्रमांक आहे. एनआय म्हणजे निफाड, ए म्हणजे आपला पोळीचा गहू, आणि ए च्या जागी डी असेल तर बन्सी. निफाडच्या जातींची नावं बघा, त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी, सगळं आपलं नाशिक. शेवया कुरडयांना हवा असेल तर गोदावरी किंवा पंचवटी बघा, हे दोन्ही बन्सी आहेत, पोळीसाठी नाही.

अजून एक, आपण थंडीत पेरतो म्हणून आपला गहू हिवाळी असं वाटतं, पण जगाच्या हिशोबानं तो स्प्रिंग व्हीट आहे. युरोपातल्या हिवाळी गव्हाला कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागल्याशिवाय ओंबीच येत नाही, आपल्याला तशी सक्ती नाही. पण थंडी लवकर सरली की दाणा बारीक पडतो, म्हणून उशिरा पेरून पण टिकणारी जात लागते आणि समाधानची शिफारस वेळेवर आणि उशिरा दोन्हीसाठी आहे.

आता पिशवी. प्रमाणित बियाणं, निळा टॅग, त्यावर जात, लॉट नंबर, तपासणीची तारीख, उगवण आणि शुद्धता. (त्याच्या वरच्या पायऱ्या म्हणजे पैदासकार बियाणं, त्याला पिवळा टॅग असतो, आणि पायाभूत, त्याला पांढरा.) नियमानं उगवण किमान ८५ टक्के लागते, मी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवले त्यातले ९४ उगवले. एकराला ४० किलो, १२ नोव्हेंबरला पेरलं, एकविसाव्या दिवशी पहिलं पाणी, ते मुकुटमुळं फुटायच्या वेळचं, ते अजिबात चुकवू नका. जानेवारीत ओंब्या आल्या तेव्हा अख्खं शेत एका उंचीवर, कातरीनं छाटल्यासारखं. तांबेरा दिसला नाही. एका दिवसात हार्वेस्टर फिरला, १७ क्विंटल. पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते असं आई म्हणते, आणि आईला गव्हातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

कमी काय सांगायचं तर मार्केटला याचा वेगळा भाव मिळत नाही. व्यापारी ढिगात हात घालतो आणि पावतीवर लोकवन लिहितो. लोक-१ ही खरी जात आहे, गुजरातच्या सणोसरा गावच्या लोकभारतीनं काढलेली, पण आपल्याकडं कुठल्याही टपोऱ्या गव्हाला लोकवनच म्हणतात, आणि त्यामुळंच दुकानदाराला ती पांढरी गोणी माझ्या गळ्यात मारता आली. दुसरं, पिशवी नोव्हेंबरच्या आधी घेऊन ठेवा, ऐन पेरणीला मिळेलच असं नाही. दर दरवर्षी बदलतो म्हणून लिहीत नाही, पण साध्या गव्हापेक्षा महागच पडते. मात्र गहू स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळं एकदा घेतलेलं बी तीन वर्षं घरचं चालतं, तो हिशोब धरा.

दुसऱ्या हंगामाला मी दहा गुंठे बियाण्यासाठी वेगळे राखले, बाजूच्या गव्हापासून तीन मीटर सोडून. प्रमाणित प्लॉटला हजारात दोनच वेगळी झाडं चालतात. ओंब्या निघाल्यावर मी आणि मुलगी दोन दिवस सकाळी ओळीओळीनं फिरलो, चार झाडं सापडली, तीन उंच आणि एक तांबूस कुसळाचं. तांबूस तिनं शोधलं, माझ्या नजरेतून सुटलं होतं. मुळासकट उपटून गाईला टाकली. त्या प्लॉटचं बी आता कोठीत आहे, पिशवीचा निळा टॅग त्याच गोणीला बांधून.