हापूसची पोस्ट: एका ओळीचा प्रॉम्प्ट की तपशिलांचा?

देवगडच्या एखाद्या बागायतदाराला इन्स्टाग्रामवर आंबा विकायचा आहे. चॅटजीपीटीला ‘हापूसवर पोस्ट लिही’ एवढीच सूचना (प्रॉम्प्ट) दिली, तर मजकूर क्षणात मिळतो. पण त्यात ‘फळांचा राजा’, ‘अवीट गोडी’ आणि इमोजींची रांग. ती पोस्ट कुणाचीही असू शकते. गुढीपाडव्याच्या शुभेच्छांना एवढं पुरतं.

विक्रीसाठी मात्र मी तपशिलांचाच प्रॉम्प्ट निवडेन. पेटीत किती डझन, फळ कधी उतरवलं, गवताच्या अढीत पिकवलं का, पुण्याला कधी पोहोचेल, हे आधी लिहायचं. सोबत आपल्याच जुन्या दोन पोस्ट नमुना म्हणून द्यायच्या, म्हणजे बोलण्याची धाटणी आपली राहते. कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालते, पण फीडमध्ये सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. म्हणून भाव आणि तारीख वर घ्यायला सांगावं.

आणखी एक, फार महत्त्वाचं. मोघम प्रॉम्प्ट दिला की एआय रिकाम्या जागा स्वतःच भरतं: ‘शंभर टक्के सेंद्रिय’, ‘जीआय (भौगोलिक मानांकन) प्रमाणित’. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण ते वापरायला बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते. ‘मी दिलेल्या माहितीपलीकडे दावा करू नकोस’ ही ओळ प्रॉम्प्टमध्ये हवीच, आणि तरीही पोस्ट टाकण्याआधी वाचायची.