डर्ट बाइकची चेन आणि स्प्रॉकेट: पुण्याच्या मुरमात आणि चिखलात काय टिकतं?

नाना पेठेत डर्ट बाइकचा चेन सेट (चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन दातेरी चाकं, म्हणजे पुढचं-मागचं स्प्रॉकेट) मागितला, की दुकानदार मॉडेल विचारतो आणि किंमत सांगतो. गाडी कुठे चालते, हे क्वचितच कुणी विचारतं. सेट किती टिकणार ते मात्र त्यावरच ठरतं. शनिवारी मुळशी-ताम्हिणीच्या चिखलात जाऊन सोमवारी ऑफिसला निघणारी गाडी आणि टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची बिननंबरची मोटोक्रॉस गाडी, या दोघींना एकच सेट लागू पडत नाही. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: पहिल्या प्रकाराला पोलादी मागचं स्प्रॉकेट आणि एक्स-रिंग चेन (सांध्यांत रबरी सील असलेली), दुसऱ्याला ॲल्युमिनियम आणि बिनसीलची चेन. आता कारणं.

428 की 520

चेनच्या प्लेटवर नंबर ठोकलेला असतो, तो वाचूनच खरेदीला निघा. 428 मध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर 12.7 मिमी, तर 520 मध्ये 15.875 मिमी. त्यामुळे 428 च्या स्प्रॉकेटवर 520 ची चेन बसत नाही. बदलायचंच असेल तर पुढचं, मागचं आणि चेन असं तिन्ही बदलावं लागतं. लहान इंजिनाच्या गाडीत चांगल्या कंपनीची 428 पुरते. कंपनीने 520 दिली असेल तर ‘वजन कमी होईल’ म्हणून 428 वर जाऊ नका. उडी मारून उतरताना मागचं चाक जमिनीवर आपटतं तेव्हा चेनवर जो झटका बसतो, तो नेहमीच्या ओढीपेक्षा कितीतरी मोठा असतो.

मागचं स्प्रॉकेट: पोलादी, ॲल्युमिनियम की दोन धातूंचं

पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. ॲल्युमिनियमचं स्प्रॉकेट दिसायला देखणं, सोनेरी किंवा नारिंगी ॲनोडाइज केलेलं (म्हणजे वर रंगीत संरक्षक थर चढवलेलं), आणि हातात घेतलं की वजनातला फरक लगेच जाणवतो. चांगल्या कंपन्या त्यासाठी 7075-टी6 हा मिश्रधातू वापरतात. मागच्या चाकाचं वजन घटलं की सस्पेन्शन खड्ड्यावर लवकर सावरतं आणि चाक पटकन वेग घेतं. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तशा ट्रॅकवर या फरकाला किंमत आहे. तिथे पार्टचं आयुष्य तासांत मोजतात आणि मेकॅनिक प्रत्येक शर्यतीनंतर दात बघतो.

ट्रेलवर हिशोब उलटा होतो. मुरमाची बारीक कच चेनवरच्या तेलात मिसळली की तिची घासणारी पेस्ट तयार होते. चेनचे रोलर कडक पोलादाचे असतात आणि ॲल्युमिनियम त्यांच्यापुढे नरम. ॲनोडाइजचा थर दातांवरून पहिल्या काही फेऱ्यांतच निघून जातो, मग धातू उघडा पडतो आणि दात एका बाजूने खरवडला जातो. पावसाळ्यात ताम्हिणीचा लाल चिखल किंवा सासवडकडची काळी माती चेनमध्ये सुकेपर्यंत तशीच राहिली, तर हे आणखी झपाट्याने होतं.

पोलादी स्प्रॉकेट जड, पण त्याच मातीत ते ॲल्युमिनियमच्या कैक पट टिकतं. मात्र सगळं पोलाद सारखं नसतं. दातांना हीट ट्रीटमेंट झालेली आहे का, हे कानशीने कळतं. दाताच्या कोपऱ्यावर बारीक कानस हलकेच फिरवा. कडक दातावर कानस घसरते आणि काचेवर घासल्यासारखा आवाज येतो. नरम असेल तर कानस पकड घेते आणि चकाकणारा चरा पडतो. असं नरम स्प्रॉकेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. दुकानात कानस चालवू देणार नाहीत, म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडे त्याच ब्रँडच्या जुन्या तुकड्यावर करून बघा.

मधला मार्ग म्हणजे ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर पोलादी दातांचं कडं रिव्हेट केलेलं स्प्रॉकेट. सुपरस्प्रॉक्सचं ‘स्टेल्थ’ हे त्यातलं नावाजलेलं. वजन पोलादीपेक्षा कमी आणि दात पोलादाचे. किंमत जास्त असते आणि दर धुण्याला रिव्हेट हलतात का, ते बघावं लागतं. महिन्यातून दोन-तीनदा जोरात ट्रेल करणाऱ्याने वजनासाठी पैसे घालायचेच ठरवलं असेल, तर ॲल्युमिनियमऐवजी इथे घालावेत. फक्त रस्ता आणि अधूनमधून कच्ची वाट असेल, तर साध्या पोलादीच्या पुढे जायची गरज नाही.

घेताना बोल्टची संख्या, भोकांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधलं भोक व्हर्नियरने मोजून न्या. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे हबही वेगळे निघतात.

पुढचं स्प्रॉकेट

इथे निवड फारशी नाही, पोलादीच घ्यायचं. 13 आणि 50 दातांच्या जोडीत पुढचा प्रत्येक दात मागच्या दातापेक्षा जवळजवळ चौपट वेळा चेनचा मार खातो. म्हणून तो आधी जातो, आणि कव्हरखाली असल्यामुळे शेवटी लक्षात येतो. चिखलासाठी बाजूला खाचा असलेलं ‘सेल्फ-क्लीनिंग’ स्प्रॉकेट मिळतं. रोलरखाली दबलेली माती त्या खाचांतून बाहेर पडते. पुण्याच्या पावसाळ्यासाठी हा जास्तीचा खर्च सार्थकी लागतो.

चढावर ओढ कमी पडते म्हणून बरेच जण पुढचा एक दात कमी करतात. 13 चे 12 केले, तर मागे 50 चे 54 केल्याइतकाच फरक पडतो, आणि स्वस्तात पडतो. पण चेनला 12 दातांवर प्रत्येक कडीमागे 30 अंश वळावं लागतं, 13 वर सुमारे 27.7. पिन जास्त फिरते, जास्त झिजते, आणि चेन स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीवर, म्हणजे स्लायडरवर, जास्त घासते. ओढ कायमची हवी असेल तर मागचे दात वाढवा. मात्र मग चेनमध्ये कड्या जास्त लागतील का, ते आधी मोजा.

चेन: साधी, ओ-रिंग, एक्स-रिंग

‘चेन ताणली’ असं आपण म्हणतो तेव्हा प्लेट लांबलेल्या नसतात, आत पिन आणि बुश (पिनभोवतीची नळी) झिजलेले असतात. 114 कड्यांच्या चेनमध्ये प्रत्येक सांध्यात 0.1 मिमी झीज झाली तरी चेन 11 मिमीहून जास्त लांबते. म्हणून टिकाऊपणाचा सगळा प्रश्न पिन आणि बुशमधलं ग्रीस आत राहतं का, हा आहे.

साध्या चेनमध्ये सील नसतं. ती हलकी आणि मोकळी फिरते, पण बाहेरून दिलेलं तेल गेलं की धातूवर धातू घासतो. दर वापरानंतर धुऊन तेल देणाऱ्यानेच ती घ्यावी. ओ-रिंग चेनमध्ये कारखान्यात भरलेलं ग्रीस रबरी रिंगेमुळे आत टिकतं. एक्स-रिंगचा आकार फुलीसारखा असल्याने रबर कमी जागी टेकतं, त्यामुळे घर्षण कमी आणि सील जास्त चांगलं. भावातला फरक परवडत असेल, तर ओ-रिंगवर न थांबता एक्स-रिंगच घ्या. मात्र सीलवाली चेन रुंद असते. मोटोक्रॉस गाडीत ती इंजिनाच्या केसिंगला किंवा चेन गाइडला घासत नाही ना, हे बसवायच्या आधी तपासा.

डीआयडी, आरके, रेजिना या आयात चेन, आणि रोलन, डायमंड या आपल्याकडच्या. ‘ब्रास किट’चा सोनेरी रंग हा मुलामा असतो. त्याने गंज लांबतो, पण आतली पिन त्याने टिकत नाही. खोट्या मालापासून सावध राहा. प्लेटवरचा ब्रँड आणि नंबर स्वच्छ, सारख्या खोलीवर ठोकलेला असावा.

सीलवाली चेन रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवा. पेट्रोलने रबर फुगतं आणि तडकतं. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर वॉशर थेट चेनवर धरू देऊ नका, पाणी सीलच्या आत शिरतं. कोरडी झाली की रोलरवर चेन ल्यूब किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल पातळ थरात द्या. थबथबलेलं तेल म्हणजे मातीला आमंत्रण.

कधी बदलायचं आणि बसवताना काय चुकतं

चेन ताणून 20 कड्यांचं अंतर पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत मोजा. नव्या 520 मध्ये ते 317.5 मिमी असतं, आणि कावासाकीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा 323 मिमी आहे. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून तीन-चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा धरा. टेप नसेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. दाताची निम्म्याहून जास्त उंची दिसली तर चेन संपली.

फक्त चेन बदलून झिजलेली स्प्रॉकेट तशीच ठेवू नका. नव्या चेनचे रोलर जुन्या दातांच्या खोलगट जागेत नीट बसत नाहीत, ते चढतात-उतरतात, आणि नवी चेन लवकर खराब होते.

चेन ताठ बसवणं ही सगळ्यात महागडी चूक. सस्पेन्शन दबताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट (तो ज्यावर वर-खाली हलतो तो सांधा) आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेन सगळ्यात घट्ट होते. स्टँडवर घट्ट दिसणारी चेन त्या क्षणी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण टाकते. केटीएमच्या एंड्युरो गाड्यांत स्लायडरच्या शेवटी चेन वर ओढून स्विंगआर्मपासूनचं अंतर 55 ते 58 मिमी लागतं. रस्त्याच्या गाडीपेक्षा हे बरंच ढिलं वाटतं, पण बरोबर आहे. तुमच्या गाडीचा आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल.

चाक सरळ आहे का, हे ॲडजस्टरच्या खुणांवर सोडू नका. पिव्हटपासून एक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. मागच्या स्प्रॉकेटचे बोल्ट थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावून टॉर्क पान्याने कसा आणि पहिल्या राइडनंतर पुन्हा तपासा. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट ढिला राहिला की भोक लांबट होतं आणि ते स्प्रॉकेट भंगारात जातं. चेनचं लॉक (दोन टोकं जोडणारी कडी) क्लिपचं असेल तर क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला ठेवा, आणि एक जादा लॉक टूल किटमध्ये टाकून ठेवा.