‘द ट्रबल विथ एंजल्स’ची डीव्हीडी: घेऊनच टाका

1966 चा पिक्चर आहे पण अजूनही पोट धरून हसायला येतं, हेली मिल्स आणि जून हार्डिंग शाळकरी पोरी बनून नन्सच्या कॉन्व्हेंट शाळेत जो काय धुडगूस घालतात ना, नन्सच्या साखरेच्या भांड्यात बबल बाथची पावडर भरतात तो सीन तर मी रिवाइंड करून करून बघते. पण खरा जीव आहे तो रोझलिंड रसेलच्या मदर सुपीरियरमध्ये, म्हणजे तिथल्या मुख्य ननमध्ये, नुसत्या नजरेने पोरींना गप्प करते आणि त्याच नजरेत मायाही दिसते, कमाल बाई! डिरेक्शन आयडा लुपिनोचं, त्या काळात हॉलिवूडमध्ये बाई डिरेक्टर म्हणजे विरळाच, म्हणून तिच्यावर डिस्कमध्ये काहीतरी एक्स्ट्रा द्यायलाच हवं होतं. शेवट कोणी सांगत असेल तर ऐकू नका. मुलींना सोबत घेऊन बघा.