छोट्या उघड्या स्टेजवर शुअर एसएम५८

१९६६ पासून बाजारात असलेला हा डायनॅमिक माइक उन्हाळी महोत्सवातल्या छोट्या स्टेजला अजूनही चपखल बसतो. वजन साधारण ३०० ग्रॅम, फँटम पॉवरची (मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या विजेची) गरज नाही, आणि हातातून पडला तर बहुधा जाळीच चेपते. ती आट्यांची असल्याने बदलणं सोपं.

खरी गंमत कार्डिऑइड पॅटर्नची, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकण्याची. माइकच्या शेपटीकडून, म्हणजे बरोबर १८० अंशांवरून, त्याला सगळ्यात कमी ऐकू येतं. म्हणून मॉनिटर (गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर) गायकाच्या समोर, त्याच रेषेत ठेवा. बाजूला सरकवला की फीडबॅकची शिट्टी लवकर सुरू होते, कारण स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. जाळी मुठीत धरून गाणाऱ्यांना आधीच बजावा: मागून आवाज आत यायची वाट बंद झाली की पॅटर्न बिघडतो आणि फीडबॅक हमखास. ओठ जाळीला चिकटले की खर्ज फुगतो, तेव्हा मिक्सरवर १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावा.

मोकळ्या मैदानातल्या वाऱ्याची घरघर आतला स्पंज पूर्ण अडवत नाही. वर फोमची टोपी हवीच. हळू गाणाऱ्याला हा माइक जरा कंजूष वाटेल, मिक्सरवर गेन (माइकचा सिग्नल वाढवणारी कळ) बराच चढवावा लागतो. बटण नसलेलाच घ्या, म्हणजे ऐन गाण्यात चुकून बंद व्हायला नको.