परतीच्या पक्ष्यांची मोजणी: नांदूरमध्यमेश्वर की भिगवण?

जानेवारीतली आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिला माणसं मिळतात. कोणत्या स्थलांतरित पक्ष्यांनी हिवाळा कुठे काढला, हे त्यातून कळतं. कोण कधी निघून गेलं, हे मात्र फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत पुन्हा पुन्हा त्याच काठावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तेव्हा उन्हं चढलेली असतात, हौशी मंडळी पांगलेली असतात आणि नोंदी विरळ होतात. म्हणूनच ही मोजणी करायला निघालेल्या प्रत्येकाचं मला मनापासून कौतुक वाटतं. प्रश्न जागेचा आहे.

नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर आहे. ब्रिटिश काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, बेटं, पाणवनस्पती असा पसारा तयार झाला. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. मोजणाऱ्यासाठी इथली मोठी सोय म्हणजे चापडगावच्या बाजूचे निरीक्षण मनोरे. मनोरा हलत नाही, त्यामुळे आजचा आकडा पुढच्या आठवड्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. थापट्या, तलवार बदक, तरंग, भुवई बदक आणि चक्रवाक असे बदकांचे प्रकार शिकायलाही ही जागा उत्तम. अडचण वनस्पतींची: गवतात आणि जलपर्णीत शिरलेली बदकं दिसत नाहीत. शिवाय मार्श हॅरिअर हा शिकारी पक्षी डोक्यावरून गेला की अख्खा थवा उठतो. तो पुन्हा बसेपर्यंत थांबायचं आणि पहिल्यापासून मोजायचं.

इथली पातळी कालव्यांच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळ पाणी सोडण्याच्या पाळ्यांवर हलते. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की चिखलाच्या कडा बुडतात आणि काल दिसलेले टिलवे, म्हणजे चिखलाच्या कडेला टिपणारे छोटे पक्षी, आज गायब होतात. ते उत्तरेला निघून गेले, असा निष्कर्ष लगेच काढू नका. आवर्तन चालू आहे का, हे गावात विचारा.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा मामला वेगळा आहे. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या फुगवट्याचा वरचा भाग डिकसळ, कुंभारगावपर्यंत पसरला. उन्हाळ्याकडे पाणी उतरू लागतं. दुष्काळी वर्षी धरण ‘मायनस’मध्ये जातं, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यातलं पाणी वापरलं जातं. उघड्या पडलेल्या गाळावर चिखलपक्षी उतरतात. वसंतातली खरी श्रीमंती इथेच आहे: रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) थवे, निघण्याच्या तयारीतले पट्टकादंब हंस आणि एप्रिलकडे तांबूस होत जाणारे, लांब चोचीचे पाणटिवळे. हिवाळ्यात बहुतेक चिखलपक्षी करडे-मातकट दिसतात. विणीचे रंग चढू लागले की ओळख पुष्कळ सोपी होते.

पण काठच सरकत राहतो. मार्चमध्ये जिथे उभे होतात, तिथून एप्रिलमध्ये पाणी लांब गेलेलं असतं आणि दुर्बीण अपुरी पडते. तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची जास्त ताकदीची दुर्बीण, लागतोच. होडीचा मोह होईल. इथले मच्छीमार पक्षी फार चांगले ओळखतात, त्यांच्याबरोबर एक फेरी जरूर मारा, पण आकडा होडीतून घेऊ नका. पुढून उठलेला थवा मागे जाऊन बसतो आणि दोनदा मोजला जातो. चित्रबलाक तर इथलेच, शेजारच्या भादलवाडीला घरटी करणारे. त्यांची नोंद करा, पण स्थलांतरित पक्ष्यांच्या बेरजेत धरू नका.

माझं मत स्पष्ट आहे. एकटे असाल, नवखे असाल, हाती फक्त दुर्बीण असेल, तर नांदूर. दोघं-तिघं असाल, स्कोप असेल, टिलवा आणि तुतवार असे चिखलपक्षी वेगळे सांगता येत असतील, तर भिगवण. तिथे मिळणारी नोंद जास्त मोलाची आहे. मात्र या सगळ्यावर अंतराची मात होते. पुण्याच्या माणसाने दर आठवड्याला निफाड गाठायचं ठरवलं, तर मार्चमध्येच खंड पडेल. त्याच्यासाठी शंभरेक किलोमीटरवरचं, रेल्वे स्थानक असलेलं भिगवणच बरं, मग प्रकार थोडे कमी ओळखता आले तरी चालेल. नाशिककराने तर भिगवणचा विचारही करू नये.

मोजण्याची रीत दोन्हीकडे एकच. मोठ्या थव्यात आधी दहा पक्षी नेमके मोजा, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत धरा, तशा दहा जागा म्हणजे शंभर. उडता थवा असेल तर फोटो काढून घरी मोजा. भिगवणला प्रत्येक नोंदीशेजारी उभं राहिल्याची जागा आणि धरणाचा साठा टिपा, नांदूरला आवर्तनाची स्थिती. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना ‘एक्स’ (दिसला, पण मोजला नाही) न लिहिता अंदाजाचा का होईना, आकडा द्या. आणि पट्टकादंब दिसले नाहीत म्हणून फेरी सोडू नका. ते नेमके कधी गेले हे ठरवायला, शेवटच्या दर्शनानंतरच्या दोन-तीन फेऱ्यांची शून्यं वहीत असावी लागतात.