‘पॉइंट आठचा माल’ म्हणजे नक्की किती? स्टील फ्रेमिंग आणि कैच्यांच्या कामातली फसवणूक

कोल्ड फॉर्म्ड स्टीलच्या (गरम न करता पातळ पत्रा वाकवून केलेल्या सेक्शनच्या) घराचं किंवा छपराचं कोटेशन आलं की त्यात बहुधा अशी एक ओळ असते: ‘पॉइंट आठ जीआय सी सेक्शन, हाय टेन्साइल, हेवी कोटिंग, कैच्या ब्रेसिंगसह.’ जीआय म्हणजे झिंकचा थर दिलेलं पोलाद, कैच्या म्हणजे छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी. वाचताना भक्कम वाटतं. पण या ओळीतला एकही शब्द कंत्राटदाराला बांधून ठेवत नाही. काम होतं, पैसे चुकते होतात. पुढे सीलिंगच्या बोर्डाला सांध्यावर भेगा पडतात, वारा सुटला की छप्पर कुरकुरतं. मग मालक कोटेशन काढून बसतो आणि कंत्राटदार म्हणतो, ‘लिहिलंय तेच दिलंय.’ संतापजनक गोष्ट ही की बऱ्याचदा तो खरं बोलत असतो.

सगळ्यात जास्त पैसा ‘पॉइंट आठ’मध्ये, म्हणजे ०.८ मिमीत, खाल्ला जातो. ही जाडी कशाची? भार पेलतं ते आतलं पोलाद. त्याच्या जाडीला बेस मेटल थिकनेस म्हणतात आणि डिझाइनचा हिशोब तिच्यावरच होतो. वरचं झिंक धरून येते ती एकूण जाडी. झेड २७५ कोटिंग (चौरस मीटरला २७५ ग्रॅम झिंक) असेल तर दोन्ही बाजू मिळून सुमारे ०.०४ मिमी झिंक असतं. म्हणजे एकूण ०.८० मोजलेल्या मालात पोलाद ०.७६ च असतं. छपराच्या रंगीत पत्र्यात हा फरक आणखी वाढतो, कारण रंगाचा थरही जाडीत धरला जातो. ०.५० म्हणून विकलेल्या पत्र्यात पोलाद ०.४२ ते ०.४३ च्या आसपास भरतं.

०.०४ चा फरक ही निदान शब्दांची चलाखी झाली. पुढची पायरी उघड चोरीची आहे: ०.८० च्या नावाखाली ०.६० चा माल उतरवायचा. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही आणि टेपने तो मोजताही येत नाही. त्यासाठी ०.०१ मिमी दाखवणारा मायक्रोमीटर लागतो. कापलेल्या कडेला बारीक कूस उभी राहिलेली असते. तिच्यावर धरलं तर ०.६५ चा पत्रासुद्धा पॉइंट आठ दाखवतो, आणि दाखवणारा नेमकं तिथंच धरून दाखवतो. कडेपासून निदान १० मिमी आत, वाकापासून दूर, सपाट भागावर तीन ठिकाणी मोजा.

मायक्रोमीटर नसेल तर वजनकाटा पुरतो. सेक्शनच्या कापलेल्या टोकाभोवती बाहेरून टेप फिरवून पत्र्याची उलगडलेली रुंदी काढा. ती मीटरमध्ये, गुणिले पोलादाची जाडी मिमीमध्ये, गुणिले ७.८५, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. रुंदी १९० मिमी आणि बेस मेटल ०.८० असेल तर मीटरला १.१९ किलो येतात. झिंकचे सुमारे ५० ग्रॅम धरले तर ३ मीटरचा तुकडा ३.७ किलोच्या आसपास भरायला हवा. काटा २.८ वर थांबला तर पत्रा ०.६० चा आहे.

‘२० गेज’ असं लिहिलं असेल तर कोटेशन परत पाठवा. गेजचे तक्ते एकाहून जास्त आहेत. एका तक्त्यात २० गेज म्हणजे ०.९१ मिमी, तर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या तक्त्यात १.०१. ज्याला जो सोयीचा, तो तक्ता तो काढतो.

जाडी कमी सापडली की ‘हाय टेन्साइल आहे, पातळ चालतं’ हे उत्तर तयार असतं. ते अर्धसत्य आहे, म्हणूनच धोक्याचं. जी ५५० म्हणजे किमान ५५० मेगापास्कल यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकायला लागतं तो ताण), हे खरं. पण पोलादाचा ताठरपणा ग्रेडने बदलत नाही, त्यामुळे पातळ वासा जी ५५० चा असला तरी तितकाच लवतो. शिवाय पातळ सेक्शन बहुधा तुटण्याआधी दुमडतो. सपाट पट्टी ज्या ताणाला दुमडायला लागते तो ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ०.८० चं ०.६० केलं की तो ४४ टक्क्यांनी खाली येतो. ग्रेड जागेवर मोजता येत नाही. त्यासाठी कॉइल नंबर असलेलं मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

सी सेक्शनची मधली रुंद बाजू म्हणजे वेब, तिच्या दोन्ही कडांना काटकोनात वळलेल्या बाजू म्हणजे फ्लॅंज, आणि फ्लॅंजच्या टोकाला आत वळलेली छोटी कड म्हणजे लिप. तीच फ्लॅंजला ताठ ठेवते. लिप असलेला सी स्टड, म्हणजे भिंतीतला उभा खांब, म्हणून वापरतात आणि बिनलिपचा यू ट्रॅक, म्हणजे स्टडच्या वर-खाली आडवी धावणारी पट्टी, म्हणून. यू स्वस्त पडतो, म्हणून दारा-खिडक्यांच्या बाजूला, जिथं भार जास्त, तिथंच तो उभा करून वर बोर्ड मारलेला सापडतो.

स्टडमधलं अंतर हाही कमाईचा मार्ग. ६ मीटरच्या भिंतीत ४०० मिमी अंतराने १६ स्टड लागतात, ६०० ने ११ च. नुकसान पाच स्टडवर थांबत नाही. कैची स्टडच्या माथ्यावरच बसायला हवी, मध्यरेषेत फरक फार तर १९ मिमी. अंतर बदललं की कैच्या दोन स्टडच्या मधे, नुसत्या ट्रॅकवर टेकतात. ट्रॅक म्हणजे तुळई नव्हे. तो खाली वाकतो आणि त्याच्यासोबत छप्पर बसतं.

आता ‘ब्रेसिंगसह’. ब्रेसिंग म्हणजे मेंबर बाजूला झुकू नयेत म्हणून दिलेला आधार. कैच्या उभ्या करताना पडू नयेत म्हणून लावलेल्या तात्पुरत्या पट्ट्या दाखवून या शब्दाचे पैसे घेतले जातात. कायमचं ब्रेसिंग तीन जागी लागतं: टॉप कॉर्डला, म्हणजे कैचीच्या वरच्या तिरप्या बाजूला (तिथं पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या, पर्लिन, बरंच काम करतात), दाब घेणाऱ्या लांब वेब मेंबरना, म्हणजे वरची-खालची बाजू जोडणाऱ्या आतल्या दांड्यांना, आणि बॉटम कॉर्डला, म्हणजे खालच्या बाजूला. गाळली जाते ती तिसरी जागा. ‘खालचा कॉर्ड ओढीत असतो, त्याला कशाला ब्रेस?’ असा युक्तिवाद होतो. एरवी तो ओढीतच असतो. पण हलकं छप्पर वादळात वर उचललं जातं तेव्हा भार उलटतो, बॉटम कॉर्ड दाबात येतो आणि बाजूला आधार नसला की सापासारखा वळतो. त्याच वेळी हीलपाशी, म्हणजे कैची भिंतीवर टेकते तिथं, खाली बांधून ठेवणारा ब्रॅकेट नसेल तर अख्खी कैची सुटते.

स्क्रू बोर्ड लागायच्या आधी ड्रॉइंग हातात धरून मोजा. एका सांध्यावर सहा दाखवलेले असतील तर सहाच हवेत. मागच्या बाजूने किमान तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. जागच्या जागी गरगर फिरणारा स्क्रू संख्येत धरू नका, त्याने आटे खाल्लेले असतात. आणि पाइप किंवा वायर न्यायला प्लंबर-इलेक्ट्रिशियनने कैचीचा मेंबर कापला असेल तर काम तिथंच थांबवून डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला बोलवा. वर तुकडा ठोकून ते भरून निघत नाही.

कोटेशनची ती ओळ अशी लिहून घ्या: ‘बेस मेटल किमान ०.८० मिमी, जी ५५०, झेड २७५, लिपसह सी सेक्शन, वेब-फ्लॅंज-लिपची मापं, स्टड ४०० मिमी मध्य ते मध्य, कायमचं ब्रेसिंग आणि स्क्रूंची संख्या सही केलेल्या ड्रॉइंगप्रमाणे.’ ‘किमान’ हा शब्द सोडू नका, नाहीतर टॉलरन्सची (जाडीत चालवून घेतल्या जाणाऱ्या कमी-जास्त फरकाची) पळवाट उघडी राहते. गाडी उतरली की प्रत्येक प्रकारच्या सेक्शनचा एक फूटभर तुकडा कापून, त्यावर तारीख आणि दोघांच्या सह्या घेऊन जपून ठेवा. मापं जुळल्याशिवाय बोर्ड लावायची परवानगी देऊ नका आणि त्या टप्प्याचे पैसेही सोडू नका.